उटीच्या गाडीवरचा गुलाबी ठिपका

माझं डोकं भडक आहे, हे आधीच सांगून टाकतो. मंगळवार पेठेत कुणालाही विचारा. पेंटर आकारामचा हात चांगला, पण त्याच्या तोंडाला लागू नका, असंच सांगतील. दुकानाची पाटी असू दे, सिनेमाचा बोर्ड असू दे, ब्रश कसा धरायचा हे शिकवायला कुणी आलं की माझं टाळकं सरकतं. त्या टाळक्यापायी मी एकदा माझ्या सासऱ्यालाच पुसून टाकलं. व्हय, पुसून. ओल्या काळ्या रंगानं, चांगले दोन हात मारून.

ही चौपन्न सालची गोष्ट. माझे सासरे केरबामामा मूळचे मुरगूडचे. तरणेपणी भावाशी भांडून घरातनं निघाले, ते रेल्वेच्या गँगमधनं फिरत फिरत पार मद्रासकडं गेले. तिथं उटीच्या डोंगरावर चढणारी एक छोटी गाडी आहे, तिच्यावर ब्रेकवाले म्हणून लागले आणि तीस वर्षं तिथंच राहिले. बायको आणि एकुलती लेक मुरगुडात. वर्षातनं एकदा पंधरा दिवस यायचे, लेकीला निलगिरीच्या तेलाची बाटली आणायचे आणि परत जायचे. पुढं बायको वारली, नोकरी संपली, मुरगूडच्या घराचं छप्पर बसलं. तेव्हा धोंडूनं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्यांना ओढून कोल्हापूरला आमच्या घरी आणलं.

लेकीच्या घरात राहायचं म्हणजे त्या पिढीच्या माणसाला मेल्याहून मेल्यासारखं. मामा आमच्या आधी उठून पाणी भरायचे, अंथरूण दिसणार नाही असं गुंडाळून ठेवायचे. खाटेवर कधी बसले नाहीत, उंबऱ्याजवळ पोत्यावर बसायचे. मला "जावईबापू" म्हणायचे. मी किती का आरडाओरडा करीना, कधी उलटून एक शब्द नाही. जावयाला बोलायचं नसतं, एवढं एकच त्यांना ठाऊक.

त्यांच्या पत्र्याच्या पेटीत धोतराच्या घडीखाली एक गुंडाळी होती. रेल्वेची जाहिरात. अशी मोठी छापील चित्रं पूर्वी स्टेशनांवर लावायचे बघा, हवा खायला डोंगरावर चला म्हणून, तसली. निळे डोंगर, चहाचे हिरवे मळे, सरळसोट झाडं, आणि त्यातनं वर चढणारी इवलीशी गाडी. काय रंग होते म्हणून सांगू! सायबानं काढलंतं, पण मान द्यावी असा हात होता. फक्त एक गोष्ट चमत्कारिक होती. इंजिन गाडीच्या मागं होतं. आणि पहिल्या डब्याच्या पुढच्या टोकाला मसुराच्या डाळीएवढा एक गुलाबी ठिपका होता.

"इंजिन मागंच असतंय, जावईबापू," मामा सांगायचे. "चढ लई खडा. मागनं ढकलत न्हेतंय. मधी तिसरा रूळ, त्येला दातं. दातात दातं घालून गाडी चढती."

कट्ट्यावरची माणसं पोट धरून हसायची. आमच्या शेजारचा पिराजी म्हणायचा, "मग मामा, बैलबी गाडीच्या मागंच जुपायचा का वो?" मामा नुसतं हसायचे. मीही हसायचो. खोटं कशाला बोलू!

मुरगुडात धोंडूला लहानपणी बाकीच्या पोरी "उलट्या गाडीची पोरगी" म्हणायच्या. ती त्या पोरींच्या झिंज्या उपटून यायची. पण एकदा मला म्हणाली, "भांडायची मी, पन मनातनं मलाबी वाटायचं, आबा थापा मारत्यात. म्हनायचे, पुढच्या खेपला तुला गाडीत बसवतो. हर सालाला पुढची खेप. मी बत्तीस वरसांची झाले, गाडी काय आली न्हाई." बापाशी ती बोलायची ते अगदी बेतानं, अहो-जाहो करून, एखाद्या पावण्याशी बोलावं तसं.

महाद्वार रोडला नृसिंहपंतांचा फोटो स्टुडिओ होता. नवी जोडपी अंबाबाईचं दर्शन घेऊन, ओटीचा नारळ हातात तसाच धरून, थेट त्यांच्याकडं फोटोला यायची. मागं रंगवलेला पडदा, रंकाळा तळ्याचा. खरा रंकाळा चालत जाण्याइतका जवळ, आणि आमची माणसं पडद्यावरच्या रंकाळ्यापुढं ताठ उभी राहायची. तो पडदा विटला तेव्हा पंत मला म्हणाले, "आकाराम, आता काहीतरी नवीन काढा. लोकांना डोंगर हवेत, थंड हवा हवी. जायला जमो न जमो, फोटोत तरी गेल्यासारखं वाटलं पाहिजे."

मला लगेच मामांची जाहिरात आठवली. त्याच आठवड्यात मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंतं, मिरजेला. दोन्ही डोळ्यांवर साय आलेली, माणूस आवाजावरनं ओळखायचे. चित्र मागितलं तर त्यांनी पेटीतनं काढून दोन्ही हातांनी माझ्या हातात दिलं. मोठं करायचं तर त्याच्यावर पेन्सिलीनं चौकटी आखाव्या लागतात, मग एकेक चौकट पडद्यावर उतरवायची. ते सांगितल्यावर त्यांचा चेहरा जरा उतरला.

"हळू आखा, जावईबापू," म्हणाले. "आन् पुढच्या डब्याला तेवढं जपा."

मला वाटलं, तिथं कागद फाटलाय, म्हणून म्हणत असतील.

मग खाली बघत म्हणाले, "डोळ्यांनी दिसाय लागलं की पयल्यांदा पंतांच्याकडं जाऊ. त्या गाडीफुडं माझा आन् धोंडूचा एक फोटू काढू. खऱ्या गाडीत काय मी तिला बशिवली न्हाई." एवढं बोलायलासुद्धा त्यांना लाज वाटत होती. आमच्या घरी आल्यापासनं त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट. धोंडू चुलीपाशी होती. तिनं ऐकलं आणि उगीच फुंकणी घेऊन जाळ फुंकत बसली.

ऑपरेशन झालं. मामा घरी आले ते डोळ्यांवर हिरव्या कापडाचा पडदा बांधून. दीड महिना उजेडात यायचं नाही, वाकायचं नाही, असा डॉक्टरांचा हुकूम. इकडं मी स्टुडिओच्या मागच्या खोलीत पडदा ताणला. डोंगर झाले, मळे झाले, डबे झाले. इंजिनाची चौकट आली तसे पंत सुपारी कातरत मागं येऊन उभे राहिले.

"हे इंजिन मागे कसं हो? गाडी घसरत खाली चालल्यासारखी वाटते. लोक हसतील."

"आमचं मामा म्हणतात, तिकडं तसंच असतंय."

"म्हातारी माणसं काय, काहीही सांगतात."

मी काय म्हणायला पाहिजे होतं? पंत, थांबा, माणूस घरात आहे, विचारून येतो. चार गल्ल्यांवर घर. पण जाऊन विचारायचं म्हणजे शिकून घ्यायचं, आणि आकाराम पेंटरला शिकवणार कोण? मी म्हटलं, "छापणाऱ्यानं चूक केली असंल, आपण सुधारू." आणि झोकात इंजिन पुढं घेतलं. काळंभोर, तांबड्या पट्ट्याचं, हत्तीच्या सोंडेसारखा धूर सोडणारं. तो गुलाबी ठिपका बरोबर इंजिनाच्या पोटाखाली आला. शाईचा डाग म्हणून मी तो धरलाच नव्हता.

रोज संध्याकाळी मामा अंधाऱ्या खोलीतनं विचारायचे, "झाली का वो गाडी?"

"झाली की."

"पुढचा डबा?"

"लई झ्याक झालाय, मामा."

पडदा लागला तशी जोडप्यांची रीघ लागली. इंजिनावर सगळे खूश. मी मिशीला पीळ देत फिरत होतो.

मामांना जाड भिंगांचा चष्मा मिळाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं स्टुडिओत गेलो. मामांनी नवं धोतर नेसलंतं, गुलाबी फेटा बांधलाता, शेव पाठीवर सोडलाता. धोंडूनं ठेवणीतलं इरकल लुगडं नेसलंतं. दिवे लागले. मामा पडद्यापुढं जाऊन उभे राहिले आणि बघायला लागले. या टोकापासनं त्या टोकापर्यंत बघितलं. मग पुन्हा बघितलं. मी आपला शाबासकीची वाट बघत उभा.

ते वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "जावईबापू, मला कुठं ठिवलासा?"

"हितं मधोमध उभं ऱ्हावा की. धोंडू डाव्या अंगाला."

"फोटूत न्हवं. गाडीवर." त्यांनी बोट पुढं नेलं आणि इंजिनाच्या पोटावर टेकवलं. "हितं मी हुतो."

मग मामा सांगायला लागले, ते माझी समजूत काढल्यासारखं. "इंजिन मागं असतंय न्हवं, मग इंजिनवाल्याला म्होरलं कायबी दिसत न्हाई. म्हनून पयल्या डब्याच्या म्होरं निशाण घिऊन एक ब्रेकवाला उभा ऱ्हातो. त्यो मी. चित्र काढनारा सायेब दोन दिस रुळाकडंला बसलाता. मला म्हनला, असाच उभा ऱ्हा. मग ती चित्रं ठेसनाठेसनावर लागली. मिरजंच्या ठेसनात मी माझं मला बघितलं. सांगनार कुनाला? इंजिन मागं असतंय हेच कुनाला पटंना."

मामांनी चष्मा काढला, फेट्याच्या शेवानं पुसला. म्हणाले, "डोळं दुखाय लागलं. फोटू पुढच्या खेपला काढू."

पुढच्या खेपला! ते ऐकून धोंडूचा चेहरा असा झाला की मला तिच्याकडं बघवेना.

घरी आल्यावर मामांनी पेटी भरायला घेतली. उद्या सकाळच्या एसटीनं मुरगूडला जातो, म्हणाले, छप्पर शाकारून घेतो, किती दिवस तुमच्यावर भार व्हायचं. राग नाही, टोमणा नाही. अहो, माणसानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं! घरामागच्या परड्यात धोंडूनं मला गाठलं.

"तुमी इचारलं का न्हाई?"

"मला काय सपान पडलंतं?" मी ओरडलो. चूक आपली असली की माझा आवाज जास्तच चढतो.

ती काही ओरडली नाही. "लोक हसलं, तवा मी गप बसले. त्ये माझं पाप," म्हणाली. "पन ह्येंच्याबगर मला हाय कोन वो? उद्या त्ये गेलं तर परत यायचं न्हाईत." आणि पदरात तोंड घालून रडली.

मी जाहिरातीची गुंडाळी उचलली आणि तडक स्टुडिओ गाठला. पंत निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं सुरकुत्या घालवत बसलेते. फोटोवाल्यांचं मोठं भिंग असतं ना, ते मी त्यांच्या हातातनं ओढूनच घेतलं आणि जाहिरातीवर धरलं. पहिला डबा. पुढचं टोक. गुलाबी ठिपका.

फेटा होता तो. खाली मुंगीएवढा माणूस, एक हात ब्रेकवर, दुसऱ्या हातात हिरवा कण, आणि फेट्याचा शेव वाऱ्यानं मागं उडालेला. पार निलगिरीत, तसला फेटा बांधून आमच्या मुरगूडचा माणूस उभा होता. सायबानं, परक्या माणसानं, त्याचा शेवसुद्धा गाळला नव्हता. आणि मी, घरचा जावई, त्याच्यावर काळा रंग फासून मोकळा झालोतो. माझे डोळे भरून आले. लाज वाटली, बाकी काय.

पंतांनी भिंग घेतलं, बराच वेळ बघितलं. रोज लोकांचे चेहरे दुरुस्त करणारा माणूस तो. भिंग खाली ठेवून म्हणाले, "आकाराम, पुसा ते इंजिन. लोक हसले तर मी बघून घेतो. चूक माझीही आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा पेटी घेऊन उंबऱ्यात तयार. धोंडूनं भाकरी बांधून दिलेली. मी आयुष्यात कुणाची माफी मागितली नव्हती, त्यामुळं ती कशी मागतात तेच मला ठाऊक नव्हतं. मी पेटीवरच बसलो.

"मामा, एसटी चुकवा."

"का वो?"

"मला तो माणूस काढायचाय. गाडीच्या तोंडाचा. पण तो उभा कसा राहतो ते मला येत नाही." पेटीवरनं न उठता म्हटलं. "तुम्ही शिकवा."

मामांनी माझ्याकडं बघितलं. आकाराम पेंटर कुणाला शिकवा म्हणाला, हे आतल्या धोंडूनंही ऐकलं आणि तिच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

"शिकवायचं काय त्येच्यात," मामा पुटपुटले. पण चपला काढून ओट्यावर चढले. डोळ्यांना बांधलेलं ते हिरवं कापड खिशात होतं, ते काढून उजव्या हातात धरलं. डावा हात ओट्याच्या खांबाला घातला, जसा ब्रेकच्या चाकालाच. एक पाय पुढं, अंग जरासं झुकलेलं, मान वर. सत्तरीचा माणूस, पण तसं उभं राहिल्यावर पाठीचा बाक कुठं गेला कुणास ठाऊक.

मी समोर फळी घेऊन बसलो आणि भराभर रेघा ओढायला लागलो. मामा समोरच्या गल्लीकडं बघत बोलत होते, पण गल्ली त्यांना दिसत नव्हती. "दरड दिसली तर लाल. हत्ती दिसला तर लाल. धुकं असलं की कानानं बघायचं. मागं सगळी मानसं बसल्याली, बाया, लेकरं. डोळं आपलं, जोर इंजिनाचा. आपून चुकलो की सगळं खाली दरीत."

पिराजी आपल्या दारात दात घासत उभा होता, तो पुढं येऊन बघायला लागला. हसला नाही. हसला असता तर मी त्याचे उरलेले दातही घासून दिले असते.

धोंडू चहा घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्यातच थांबली. बापाला काम करताना तिनं जन्मात कधी बघितलं नव्हतं. बराच वेळ बघत राहिली.

"असा उभा ऱ्हायचास व्हय रं, आबा?" ती म्हणाली. "तू" म्हणाली. तिचं तिलाही कळलं नसेल.

"व्हय."

"पावसात?"

"पावसातबी."

"मला वाटायचं, तू तिकडं मजेत हाईस."

मामांनी मान वळवली नाही. ब्रेकवाल्यानं मागं बघायचं नसतं. पण चष्म्याच्या खालनं पाणी ओघळून मिशीत गेलं. धोंडूनं चहा ओट्यावर ठेवला, खाली बसली आणि त्यांच्या पायाला मिठी घालून लहान पोरीसारखी मोठ्यानं रडली. माझ्या रेघा वाकड्या झाल्या. झाल्या तर झाल्या.

आठ दिवसांत मी पडदा पुन्हा रंगवला. इंजिन मागं गेलं. पहिल्या डब्याच्या तोंडाला माणूस आला, ठिपका नव्हे, चांगला वीतभर, नाकडोळ्यांसकट, गुलाबी फेट्याचा. आणि पंतांना न विचारता मी एक आगाऊपणा केला. पहिल्या डब्याची एक खिडकी, माप सोडून, धोंडूच्या उंचीला मोठी काढली आणि मोकळी ठेवली. तिच्यापुढं उभं राहिलं की आत बसल्यासारखं दिसावं.

तिघं पुन्हा स्टुडिओत गेलो. या खेपेला मामा पडद्यापाशी गेले, आपल्याच तोंडासमोर तोंड नेलं आणि खुदकन हसले. "मिशी जरा जास्त झाली, जावईबापू." आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामात खोट काढली, आणि मला राग आला नाही.

पंत म्हणाले, "केरबा, तुम्ही इकडे उभे राहा, मुलीशेजारी."

"मी कशाला?" मामा म्हणाले. "मी हाय की तितं, म्होरं. माझी जागा सोडून मी डब्यात कसा बसू?" त्यांनी धोंडूला हाताला धरून खिडकीपुढं नेलं, तिचा पदर सारखा केला. "बस गं बाई. लई दिस वाट बघितलीस."

मग ते आले आणि कॅमेऱ्याशेजारी उभे राहिले. पंत काळ्या कापडात शिरले, "तयार?" म्हणाले. धोंडू नेहमीसारखी ताठ, ओठ मिटून. तेवढ्यात मामांनी एक पाय पुढं टाकला, खिशातनं ते हिरवं कापड काढलं आणि हात उंच करून हलवलं.

तो फोटो आमच्या बाहेरच्या सोप्यात टांगलेला आहे. बघणारे पहिल्यांदा म्हणतात, इंजिन मागं कसं? मी भांडत नाही, सांगतो. मग विचारतात, बाई हसताना डोळ्यांत पाणी का, आणि कॅमेऱ्याकडं न बघता बाजूला कुणाकडं बघती? तेव्हा धोंडूच आतनं ओरडून सांगते, "गाडी सुटली हुती! आबांनी निशाण दावलं."